कोल्हापुरातलं घर थंड आणि कोरडं ठेवायचं तर: आधी पाणी, मग ऊन, सोलर सगळ्यात शेवटी

एप्रिल-मे मध्ये रात्री नऊला रंकाळ्यावर वारं सुटलेलं असतं आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंखा पाचवर ठेवूनही उशी गरम लागते. बाहेरची हवा तोवर निवलेली असते, तापलेला असतो तो स्लॅब. पाच-सहा इंची काँक्रीट भर दुपारी घेतलेलं ऊन चार-पाच तासांनी खाली सोडतं. त्यामुळे छत सगळ्यात जास्त तापतं ते सूर्य मावळताना, आणि झोपायच्या वेळेपर्यंत काही ते निवत नाही. पंखा तीच ऊब खाली ढकलत राहतो.

यावर आपल्याकडे तीन उपाय चालतात. एसी, गच्चीवर पत्र्याचं शेड आणि हल्ली सोलर. तिन्हींना माझा विरोध नाही, पण क्रम उलटा लागतो. गळक्या, तापणाऱ्या घरात दीड टनाचा एसी बसतो, मग त्याचं बिल भरायला सोलर येतं, सोलरच्या पायांसाठी स्लॅबला भोकं पडतात, आणि जुलैत बेडरूमच्या कोपऱ्यात ओल उतरते. म्हणून हा लेख कामाच्या क्रमानं लिहिला आहे. नवं बांधत असाल किंवा जुनं दुरुस्त करत असाल, क्रम तोच.

सुरुवात मोजण्यापासून

पैसे काढण्याआधी घर कुठून तापतं ते बघा. लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन उद्यमनगरच्या बाजूच्या टूल्सच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. कोविडच्या वेळची कपाळावर धरायची गन मात्र चालत नाही, तिची मोजपट्टी अंगाच्या तापापुरतीच असते. कडक उन्हाच्या दिवशी दुपारी तीन, संध्याकाळी सात आणि रात्री दहा अशा तीन वेळा वरच्या मजल्याचं छत, पश्चिमेची भिंत आतून, उत्तरेची भिंत आतून आणि खोलीतली हवा यांचे आकडे वहीत लिहा. चकाकणाऱ्या टाइल्सवर किंवा स्टीलवर गन धरू नका, आकडा फसवा येतो. रात्री दहाला छत खोलीच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असेल तर दुखणं छताचं. भिंतीचा आकडा तसा असेल तर भिंतीचं.

सोबत महावितरणची बिलं काढा. फेब्रुवारीचे युनिट आणि मेचे युनिट यांतला फरक म्हणजे उन्हापायी तुम्ही भरता ती रक्कम. ती फारच किरकोळ निघाली तर पुढचं बरंचसं काम तुम्ही पैसे वाचवायला नाही, सुखानं झोपायला करणार आहात. तेही कारण चांगलंच आहे, पण आधी ठाऊक असावं.

पाणी

ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत आणते. ओल्या भिंतीवर केलेला रंग, पुट्टी, इन्सुलेशन सगळं वाया जातं. म्हणून ऊर्जेच्या कामातही पहिला मान पाण्याचा.

ओल कुठून येते ते तिच्या वेळेवरून कळतं. पाऊस सुरू होऊन तासा-दोन तासांत डाग दिसला तर तडा, पाइपभोवतीचा सांधा किंवा खिडकी. दोन-चार दिवसांच्या झडीनंतर दिसला तर गच्चीचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, किंवा बाहेरचं प्लास्टर. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बाराही महिने ओल, वर पोपडे आणि पांढरा लोणा असेल तर पाणी पायातून चढतंय. आणि पावसाशी काही संबंधच नाही, मार्चमध्येही डाग ताजाच आहे, तर प्लंबर बोलवा.

गच्चीचं काम निघालं की मिस्त्री ठरलेलं वाक्य बोलतो, "मालक, वरनं चार इंच कोबा मारू, थेंब गळायचा न्हाई." त्याला थांबवा. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हे अठरा-एकोणीस टन होतात. माणसांच्या वावरासाठी डिझाइनमध्ये गच्चीवर चौरस मीटरला १५० किलो धरलेले असतात, म्हणजे हा एकटा थर त्याहून जड. तीस-चाळीस वर्षांच्या स्लॅबवर आधीचा एक कोबा असताना दुसरा चढवणं हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचं काम नव्हे.

त्याऐवजी हातोडीनं सगळी गच्ची ठोकून घ्या. जिथं आवाज बद्द येईल तिथला कोबा सुटलेला आहे, तो काढा. ढाळ निदान शंभरास एक हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा मारून घ्या, कारण काटकोनातल्या सांध्यात कुठलंच कोटिंग टिकत नाही. पाणी जायचे पाइप, डिशचे बोल्ट, जुन्या टाकीचे पाय यांच्याभोवतीचे सांधे वेगळे भरा. मग पॉलिमर-सिमेंटचं कोटिंग दोन हातांत, दुसरा हात पहिल्याला आडवा, मध्ये फायबरची जाळी, आणि कोटिंग कठड्यावर निदान एक फूट वर चढवलेलं.

आता परीक्षा. पाइपाची तोंडं बंद करा, दोन इंच पाणी साठवा आणि तीन दिवस ठेवा. उन्हानं पाणी उडतंच, म्हणून शेजारी एका उथळ घमेल्यात तेवढंच पाणी ठेवा आणि दोन्हीकडं पेन्सिलीनं खूण करा. गच्चीवरचं पाणी घमेल्यातल्यापेक्षा जास्त उतरलं तर काम झालेलं नाही. ही परीक्षा टाइल्स बसवायच्या आधी घ्यायची. नंतर घेतली तर भांडणाला विषय मिळतो, उत्तर मिळत नाही.

गच्चीचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. म्हणजे मेमधला वळीव फुकटात दुसरी परीक्षा घेतो, आणि मृग निघायच्या आधी हातात दुरुस्तीला दिवस राहतात. बाहेरचा रंग मात्र दसऱ्यानंतर, भिंती वाळल्यावर.

पश्चिमेच्या भिंतीकडं जास्त लक्ष द्या. आपल्याकडचा पाऊस घाटाकडून, पश्चिम-नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची खाच आहे का बघा. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत चालत येतं. खिडकीखालच्या ग्रॅनाइटचा उतार बाहेर हवा आणि त्यालाही खाच हवी. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती धुळीनं बुजतात आणि जुलैत ट्रॅक भरून पाणी आत येतं. एक काडी आणि पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या करतात.

ओल आतून दिसते म्हणून आतूनच वॉटरप्रूफ रंग फासणं हा पैशाचा सगळ्यात वाईट उपयोग. पाणी भिंतीतच कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत फुगे येतात. पेठांमधल्या जुन्या दगड-माती-चुन्याच्या घरांना हे जास्त लागू आहे. त्या भिंती पाणी घेतात आणि सोडतात. त्यांच्यावर सिमेंट प्लास्टर आणि ऑइलपेंट चढवला की ओल वर सरकत पहिल्या मजल्याच्या तुळयांपर्यंत जाते. अशा घराला चुन्याचाच गिलावा परत करा. करणारा गवंडी शोधावा लागतो, पण मिळतो.

पंचगंगेच्या पाण्याचं वेगळं सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या घरांत पाणी आलं, तिथं भिंतीवरची ती खूण पुसू नका, कारण सगळी मापं तिच्यावरून घ्यायची आहेत. मीटर, इन्व्हर्टर, बॅटरी, बोअरचा स्टार्टर, सगळं खुणेच्या वर. तळमजल्यावर जिप्सम, प्लायवूड, एमडीएफ नको. भिंत भिजून गेली असेल तर खुणेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर काढा आणि भिंत पुरती वाळू द्या. घाईनं केलेली पुट्टी गळून पडते. एएसी ब्लॉक (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा) पाणी भरपूर पितो आणि सावकाश सोडतो, म्हणून पुराच्या पट्ट्यात तळमजल्याला मी चांगली भाजलेली वीट घेईन आणि ब्लॉक वरच्या मजल्याला.

ऊन: छत

उष्णता किती सहज आत येते ते मोजायचा आकडा यू-व्हॅल्यू. एक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंश फरक असताना, किती वॅट उष्णता जाते ते तो सांगतो. जितका कमी तितकं बरं. पाच इंची उघड्या स्लॅबचा आकडा साधारण साडेतीन येतो. सरकारच्या इको निवास संहितेत (२०१८) घराच्या छतासाठी कमाल १.२ धरलेला आहे. म्हणजे आपलं नेहमीचं छत त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत घेतं.

सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा रंग. जुना करडा कोबा उन्हाचा जेमतेम तिसरा हिस्सा परतवतो, ताजा पांढरा रंग सत्तर टक्क्यांच्या वर. साधा चुना दरवर्षी मारावा लागतो, कूल रूफ म्हणून विकला जाणारा रंग काही वर्षं चालतो. पण दोन्ही धुळीनं मळतात, आणि साखर कारखान्याच्या जवळ राहत असाल तर गाळपाच्या दिवसांत काजळीनं. मार्चच्या सुरुवातीला, हंगाम सरता-सरता गच्ची एकदा घासून धुतली नाही तर ऐन उन्हाळ्यात रंगाचा निम्मा उपयोग गेला.

दुसरा उपाय सावली. पत्र्याचं शेड चारी बाजूंनी उघडं असेल आणि त्याखालून वारं जात असेल तर ते उत्तम काम करतं, ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. तेच शेड बाजूंनी पत्रे लावून बंद केलं, अडगळ भरली, की ती भट्टी होते आणि खालची खोली आधीपेक्षा वाईट. शिवाय परवानगीचा प्रश्न असतोच, तो बांधायच्या आधी विचारून घ्या.

पक्का उपाय स्लॅबच्या वरून इन्सुलेशन. खालून वर थर असे: स्लॅब, ढाळ, वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस (कडक फोमचे) बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, आणि वर पातळ काँक्रीट किंवा फिकट टाइल्स. यू-व्हॅल्यूचा आकडा साडेतीनवरून ०.५ च्या आसपास येतो. बोर्डाचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भरत नाही, वरचा थर तेवढा हिशोबात धरायचा. एक्सपीएसच का? त्याच्या पेशी बंद असतात, पाणी धरत नाहीत. थर्माकोलचे दाणे डोळ्यांना दिसतील असा स्वस्त बोर्ड कुणी आणून टाकला तर परत पाठवा. वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या खाली राहिल्यामुळे तेही रोजच्या तापण्या-निवण्यातून सुटतं आणि जास्त टिकतं.

खालून फॉल्स सीलिंग करून त्यात ग्लासवूल भरणं हा मार्ग इंटिरिअरवाल्यांना आवडतो. फ्लॅटमध्ये गच्ची आपली नसेल तर दुसरा इलाज नसतो, हे खरं. पण स्वतःच्या बंगल्यात तो करू नका. स्लॅब तापत-निवत राहतो, तडे वाढतात, आणि गळती सुरू झाली तर जिप्सम खाली येईपर्यंत कळत नाही.

जुन्या कौलारू घरांत माळा असायचा, म्हणून कौलं तापली तरी खाली झोप लागायची. मंगलोरी कौलं काढून स्लॅब टाकताना आपण तो मधला हवेचा थर काढून टाकला. कौलारू खोली शाबूत असेल तर माळ्याची फळी नीट करा आणि दोन्ही टोकांना झरोके ठेवा. त्या खोलीला याहून जास्त काही लागत नाही.

ऊन: पश्चिम

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो आणि मधल्या काळात किंचित उत्तरेकडे. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीचा फार त्रास नाही. दोन फुटी छज्जा तिथं पुरतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य पन्नास अंशांवर उतरतो तेव्हा चार फुटी खिडकीच्या खालच्या दीड फुटातून कोवळं ऊन आतही येतं. ते हवंच असतं.

पश्चिमेला तोच छज्जा हात टेकतो. एप्रिलमध्ये साडेचारला सूर्य तीस-बत्तीस अंशांवर, समोर असतो. दोन फुटी छज्जाची सावली सव्वा फूट पडते, उरलेली पावणेतीन फूट काच उन्हात. पडदा लावला तरी ऊन काचेच्या आत येऊन गेलेलं असतं. अडवायचं ते बाहेर. बांबूची चीक, लाकडी लूव्हर, वेल चढवलेली जाळी, काहीही चालेल, फक्त काचेच्या बाहेर.

इथं वास्तूचा पेच येतो. घरच्या कर्त्या माणसांची खोली नैऋत्येला हवी असं सांगितलं जातं, आणि आपल्याकडं नैऋत्येची खोली म्हणजे छत आणि पश्चिम दोन्हींचा मार. मी घरच्यांशी यावरून वाद घालायला सांगणार नाही. खोली तिथंच ठेवा, पण पश्चिमेच्या भिंतीला आतून पूर्ण लांबीचं कपाट घ्या, तिकडची खिडकी लहान आणि उंचावर, मोठी खिडकी दक्षिणेला. नवं बांधत असाल तर ती एक भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची करा. नऊ इंची विटेच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू दोनच्या जवळ, आठ इंची ब्लॉकचा पाऊणच्या. काँक्रीट आणि ब्लॉकच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी मारायला विसरू नका, नाहीतर तिथं सरळ रेषेत तडा जातो आणि तिरपा पाऊस त्यातूनच शिरतो. जिना, बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला काढता आली तर मग दुसरं काहीच नको.

वारं

आपलं नशीब असं की उन्हाळ्यातही रात्री पारा बावीस-तेवीसपर्यंत उतरतो. रात्री नऊपासून सगळ्या खिडक्या उघड्या, आणि ऊन चढायच्या आत, सकाळी नऊच्या सुमारास, बंद. दिवसा खिडक्या उघड्या ठेवून आपण गरम हवा आत बोलावतो. पावसाळ्यात हा नियम लागू नाही. तेव्हा दमटपणा घालवायला हवा खेळती हवी.

स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, बिजागऱ्यांची जवळजवळ पूर्ण. वारं पश्चिमेचंच असतं, म्हणून तिकडं निदान एक लहान उघडणारी खिडकी ठेवा आणि समोर पूर्वेला बाहेर जायला मोठी वाट. जिन्याच्या वरच्या टोकाला जाळी लावलेला झरोका ठेवला तर गरम हवा आपोआप वर निघून जाते. पेठांतल्या लांबोळक्या घरांत मधला चौक हेच काम करायचा. पाऊस येतो म्हणून त्यावर पॉलिकार्बोनेट ठोकून बंद करतात आणि मग घर कोंदट झालं म्हणून एक्झॉस्ट बसवतात. छप्पर हवंच तर ते चौकाच्या काठापासून फूट-दीड फूट वर उचला, बाजू उघड्या ठेवा.

यंत्रं

हे थोडक्यात. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसच्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागं महिन्याला सोळा युनिट वाचतात. छतपंख्यांना स्टार लेबल २०२३ पासून सक्तीचं आहे, तेव्हा स्टार बघूनच घ्या. पाच माणसांच्या अंघोळीला गीझर दिवसाला दोन-अडीच युनिट घेतो. सोलर वॉटर हीटरची जागा गच्चीवर आताच ठरवा. छत आणि पश्चिम सुधारल्यावर पुन्हा गन घेऊन मोजा आणि मगच एसीचा आकार ठरवा. दीडऐवजी एक टन पुरतो असं दिसण्याची बरीच शक्यता आहे. सव्वीसवर एसी आणि सोबत पंखा, एवढं बहुतेकांना पुरतं.

सोलर

आता उरलेल्या युनिटांसाठी सोलर. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिट येते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून खूप कमी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे तीनच्या पुढं प्रत्येक किलोवॅट पूर्ण स्वखर्चानं. आधीच्या कामांनी गरज पाचवरून तीनवर आली तर हिशोब जमतो.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल पंधरा-सतरा अंश. पायांसाठी काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या आणि कोटिंग त्यांच्यावर चढवा. पूर्ण झालेल्या गच्चीत ड्रिल लावू देऊ नका. वजनावर बसणारा सांगाडा कुणी सुचवला तर वळवाच्या वावटळीचा हिशोब लेखी मागा. सांगाडा माणूस खालून वावरेल इतका उंच घेतला तर तीन किलोवॅटमागं तीनशे चौरस फूट स्लॅबला कायमची सावली मिळते आणि खाली झाडता, दुरुस्त करता येतं.

गळती झाली की सोलरवाला वॉटरप्रूफिंगवाल्याकडं बोट दाखवतो आणि तो सोलरवाल्याकडं. म्हणून घमेल्याची परीक्षा दोनदा घ्या, एकदा कोटिंगनंतर आणि एकदा सांगाडा उभा राहिल्यावर, दोन्ही वेळा दोघांच्या सहीनं. आणि दोघांचाही शेवटचा हप्ता, दहा टक्के का होईना, गणपती होईपर्यंत आपल्याकडं ठेवायचा, हे कामाच्या आधीच कागदावर घ्या.